ओवाळणीतलं मत

छातीला वायरी चिकटवून उमाकांत इंदिरानगरच्या एका नर्सिंग होममध्ये उताणा पडला होता आणि त्याला सडकून भूक लागली होती. पण हार्ट अटॅक आलेल्या माणसानं डोसा मागायचा कुठल्या तोंडानं? इथला डॉक्टर त्याच्या पक्षाच्या शहराध्यक्षाच्या, श्रीकांतच्या, ओळखीचा होता. डॉक्टरनं सकाळीच बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत पडून राहा. कोणी आलं तर कण्हा."

तिकडे महापालिकेच्या सभागृहात महापौराची निवड चालली होती. हात वर करून मतं द्यायची. विरोधी आघाडीची उमेदवार होती हेमावती, आणि आघाडीचा एक हात इथे चादरीखाली होता.

वर्षानुवर्षं एकाच पक्षानं शहर मुठीत ठेवलं होतं. त्याला हटवायला पाच पक्ष एकत्र आले. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. तरी मोट बांधली गेली, आणि ती उमाकांतच्या कापडदुकानावरच्या माडीवर बांधली गेली. त्याच्या बायकोनं, तुंगाबाईनं, पाची पक्षांना एकाच पातेल्यातला बिसीबेळे भात वाढला. निवडणुकीत आघाडीचे नगरसेवक बहुमतानं आले. उमाकांतही आला.

त्या वर्षी भाऊबीजेला हेमावती घरी आली. शेजारच्या वॉर्डातली, दुसऱ्या पक्षाची. आईनं जन्मभर गल्ल्या झाडल्या, लेक नगरसेविका झाली. घरी कन्नड बोलणारी, पण जुन्या पेटेतल्या मराठी पोरींबरोबर खेळता खेळता मराठी शिकलेली. तिला भाऊ नव्हता. तिनं उमाकांतला ओवाळलं. त्यानं खिशात हात घातला, तो रिकामाच बाहेर काढला आणि ताटावर धरून सगळ्यांदेखत म्हणाला, "ओवाळणीत माझं मत घातलं, हेमा. पुढची महापौर तू." टाळ्या पडल्या. तेव्हा तो मनापासून बोलला होता, आणि आज तेच त्याला जास्त टोचत होतं.

मग दिल्लीत वरच्या मंडळींचं बिनसलं. पाच तोंडं पुन्हा पाच दिशांना झाली. श्रीकांत घरी येऊन बसला.

"आघाडी संपली, उमाकांत. जाहीर करायचं तेवढं बाकी आहे. तू तिच्या विरोधात हात वर करू नकोस, नुसता मतदानाला जाऊ नकोस. विधानसभेचं तिकीट तुझं."

"पण माझ्या एकट्यामुळे ती बाई..."

"एकटा कुठला? सगळ्याच पक्षांतले फुटलेत. तू गेलास तरी ती पडणारच आहे."

उमाकांतला हे ऐकून बरं वाटलं. सगळेच बुडवणार असतील तर आपल्या एका हाताचं पाप ते केवढं! तुंगाबाईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ओवाळणी परत घेत नसतात." त्यानंतर ती त्याच्याशी बोललीच नाही. आत्ताही ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. बायकोची पाठ बघून उमाकांतला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पण तिकीटही डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

दार धाडकन उघडलं. दारात हेमावती. नवीकोरी रेशमी साडी, केसांत अबोलीचा गजरा, आणि पायांत चप्पल नाही.

"अण्णा!" ती पळतच आली, पायथ्याशी बसली आणि दोन्ही हातांनी त्याचे तळवे चोळू लागली. "पाय ऊन आहेत. वाचलात, देवाची कृपा."

"तू इथे?" कण्हायचं विसरून उमाकांत उठून बसला. "आणि मतदान?"

"चाललंय तिकडे. सभागृहात कोणीतरी सांगितलं, अण्णांना अटॅक आला. मला काही सुचलंच नाही. ऑटोत बसले नि आले. तुम्ही बोलू नका, स्वल्प पडून राहा."

"वेडी का काय तू? तुझीच निवड, आणि तू उठून आलीस?"

"तुम्ही ताटात मत घातलंत अण्णा," ती म्हणाली. "भाऊच राहिला नाही तर ते मत घेऊन मी काय करू?"

उमाकांतनं डोळे मिटून घेतले. वायरी उपटून फेकाव्यात आणि सगळं सांगून टाकावं असं त्याला वाटलं. पण जीभ उचलेना. मग त्यानं मनाची तीच जुनी समजूत घातली. ती पडणारच होती. तिथे असती तरी पडली असती. त्यात आपला काय दोष?

बाहेर फोन वाजला. नर्सनं तुंगाबाईला बोलावलं. ती गेली आणि परत येऊन दारातच थांबली.

"श्रीकांतचा फोन होता." दिवसभरात पहिल्यांदाच ती नवऱ्याशी बोलत होती. "दोन्हीकडचे हात सारखे झाले. मग चिठ्ठी टाकली. ती समोरच्या पक्षाची निघाली."

"सारखे?" उमाकांतचा आवाज चिरकला. "आणि आपले? आपले किती फुटले?"

"कोणी नाही. पाची पक्षांचे सगळे आले होते." तुंगाबाईनं आधी हेमावतीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "एक हात हवा होता. तुमचा, नाहीतर हिचा."

हेमावती पाय चोळतच राहिली. मग एकदम दचकून तिनं त्याचे तळवे आपल्या रेशमी पदरात गुंडाळले.

"अक्का, डॉक्टरांना बोलवा," ती म्हणाली. "आत्तापर्यंत ऊन होते हो. आता बघा, अण्णांचे पाय कसे गार पडलेत."