डगला काढलेली गिऱ्हाइकं

बोलिव्हियातल्या एल आल्तोच्या एका शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि फाटकासमोर फर्मिनाच्या टपरीवर पोरांची झुंबड उडाली. लॉलीपॉपच्या बरणीला खेटूनच सिगारेटची काचेची पेटी, आत दिवा लावलेली. लाल छत्रीसकट ती कंपनीच्या माणसाने फुकट दिली होती. अट एवढीच, की पेटी पोरांच्या नजरेच्या उंचीवर हवी.

फर्मिनाचाही एक नियम होता आणि त्याचा तिला भारी अभिमान. अंगात शाळेचा पांढरा डगला असेल तर सिगारेट नाही म्हणजे नाही. पोरंही काही कमी नव्हती. कोपऱ्यावर जायची, डगला दप्तरात कोंबायची आणि परत यायची. मग ती गिऱ्हाइकं. इथल्या बाजारात विकणारीही कासेरा, म्हणजे नेहमीची, आणि घेणारीही कासेराच; एकदा तो शब्द तोंडातून गेला की वय कोण विचारतो?

टीव्हीवरच्या मालिकेतली नायिका नवऱ्याला सोडून खिडकीत सिगारेट पेटवते, तो भाग लागल्यापासून पोरीही रांगेत यायला लागल्या होत्या. सगळ्यांना पुदिन्याचीच हवी असायची.

आज रांगेत येसेनिया होती. चौदा वर्षांची, फर्मिनाची एकुलती एक. अंगात डगला नव्हता.

"कासेरा, एक पुदिन्याची," ती म्हणाली. हनुवटी थेट त्या नायिकेसारखी वर.

मागे मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. फर्मिना पुढे वाकली.

"घरी चल, मग दाखवते तुला," ती हळू आवाजात म्हणाली. "मी आई आहे तुझी."

"आई तर सगळ्यांनाच असते. यांना कधी अडवलंस?"

येसेनिया काही न घेताच बाजूला झाली. एक कानाखाली वाजवावी असं फर्मिनाला वाटलं, पण हात उठला नाही. पोरगी खोटं बोलली नव्हती, आणि तेच तिला लागलं.

रांग पुढे सरकली. पुढची मुलगी जेमतेम तेराची असेल. तिच्याही अंगात डगला नव्हता. तिलाही पुदिन्याचीच हवी होती आणि घंटा व्हायच्या आत हवी होती.

फर्मिनाचा हात सवयीने पेटीत गेला. पाकीट उघडलं, सिगारेट निघालीसुद्धा. ती बोटांत धरून तिने मुलीकडे नीट पाहिलं.

"तुझ्या आईचं नाव काय गं?" तिने विचारलं.