कानातली बुचं

"दादा, काढा ती बुचं कानातली! तुमचा नंबर दोनदा पुकारला!"

शेजारच्या कास्दीने सार्वोनोच्या कानातला रबरी इअरफोन ओढून काढला, तेव्हा कुठे त्या भल्या माणसाला मैदान ऐकू आलं. मलांग शहरातल्या बाजारामागचं ते मैदान रविवारी सकाळीच फुललं होतं. गाणाऱ्या पाखरांची स्पर्धा म्हटल्यावर काय विचारता! सार्वोनो पिंजरा घेऊन धावला, सतरा नंबरच्या आकड्याला अडकवला आणि वरचं कापड काढलं. आत रादेन. काळाभोर मुराई पक्षी, तांबूस पोट, वीतभर शेपटी.

"आज अब्रू राख रे बाबा," असं पुटपुटून तो मैदानाभोवतीच्या दोरीबाहेर आला. तिथे त्याची बायको तुमिनी केळीच्या पानात बांधलेला भात घेऊन बसली होती. तिने अख्ख्या गल्लीसमोर त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की आज पंचाने रादेनच्या पिंजऱ्याखाली विजयाची झेंडी रोवली तर ठीक, नाहीतर पाखरू तिच्या भावाकडे जाणार आणि ओसरीवर शिलाई मशीन येणार. सार्वोनोला रात्रीपासून घास गोड लागत नव्हता.

"तुम्ही माझे इअरफोन घ्यायला हवे होते," कास्दी म्हणाला. त्याला इअरफोन या विषयाचं भारी वेड. "त्या बुचांतून आवाज कसा येतो? रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसा! माझ्यात रेकॉर्डिंगमधल्या कॅनरीच्या गळ्यातली थरथर ऐकू येते, थरथर!"

"थरथर काय चाटायची आहे? तुझ्या त्या ढिल्या इअरफोनात कॅनरीबरोबर भाजीवाली गाते, फटफटी गाते, शेजारचं कार्टंही गातं. माझी बुचं एकदा घातली की जग बंद! आत फक्त कॅनरी."

"जग तुमच्यापुरतं बंद. रादेनचं काय?"

"त्यालाही तेच! मोबाइलवर कॅनरीचं गाणं लावून त्याला दुतोंडी वायर जोडली होती. एक तोंड माझ्या कानात, दुसरं त्याच्या पिंजऱ्याजवळच्या स्पीकरला. तीन महिने रोज सकाळी आम्ही दोघं मांडीला मांडी लावून शिकलोय." सार्वोनो हसला. पुढचा एक दात पडल्यापासून तो हसला की खिडकी उघडल्यासारखी दिसायची.

तुमिनी भाताची गाठ सोडता सोडता म्हणाली, "मी तीनदा सांगायला आले होते ओसरीवर."

"मग? मी हो म्हटलं होतं की."

"हो तर म्हणालात. काय सांगितलं ते विचारलंत?"

तेवढ्यात पंच सतरा नंबरसमोर येऊन उभा राहिला. सार्वोनोने कास्दीचा दंड घट्ट धरला.

रादेनने शेपटी फडकावली आणि कंठ मोकळा केला. आधी कॅनरीची लांबलचक तान. मग रातकिड्याची किरकिर, एका दमात. मग पुन्हा कॅनरी, आणखी वर. दोरीबाहेरचे लोक एकमेकांना कोपराने ढोसू लागले. पंचाने बगलेतली झेंडी काढून हातात घेतली. सार्वोनोच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि तेवढ्यात कुणीतरी शीळ घातली. धड ना सुरात, ना तालात. वर चढताना फाटलेली, आणि शेवटी हवा गेलेल्या चाकासारखी, "फुस्स."

पंच गर्रकन वळला. "सतरा नंबरचे मालक! बाहेरून शीळ घालून पाखराला चेतवायचं नाही, हा नियम ठाऊक नाही तुम्हाला?"

"आईशप्पथ, मी नाही घातली!" सार्वोनो रडकुंडीला आला. खात्री पटावी म्हणून त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं.

"फीऽऽ फीऽऽ फुस्स," पिंजऱ्यातून आवाज आला.

मग असा हशा पिकला, की शेजारच्या पिंजऱ्यातली पाखरं गायची थांबली. सार्वोनोचे हात तोंडावर तसेच. फक्त कान लाल होत गेले.

पंचालाही हसू आवरेना, पण पंच शेवटी पंच. त्याने घसा साफ केला. "मालकाची शीळ मैदानात चालत नाही. मग ती कुणाच्याही तोंडातून येवो. सतरा नंबर बाद!" झेंडी परत बगलेत गेली.

सार्वोनोने कापड टाकून पिंजरा उतरवला आणि बायकोच्या पुढ्यात आणून ठेवला. दिलेला शब्द तो मोडणारा नव्हता.

"ने तुझ्या भावाकडे. नाकतोडे मात्र जिवंतच द्यायला सांग. मेलेले खात नाही तो."

तुमिनीने पदराच्या टोकाने डोळे पुसले. हसून हसून तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "डोकं फिरलंय का? भावाच्या घरी उठल्यासुटल्या माझ्या नवऱ्याची शीळ वाजणार? लोक काय म्हणतील? काही नको. मशीन मी खोलीतच ठेवते. बसा, भात खा."

सार्वोनो मटकन खाली बसला. कास्दीने स्वतःचे ढिले इअरफोन त्याच्यापुढे धरले. त्याने नकारार्थी मान हलवली. कापडाखालून पुन्हा एकदा "फुस्स" ऐकू आलं. सार्वोनोने कान टवकारून ते शेवटपर्यंत ऐकलं आणि हळूच बायकोकडे वळला.

"खरं सांग हं. मी अशी शीळ घालतो?"

"छे हो," भात वाढत तुमिनी म्हणाली, "त्याने बरीच सुधारली आहे."