संरक्षित झरा

साहेबांच्या टेबलाखालून खेकडा निघाला आणि आरामात कपाटाकडे चालू लागला. साहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

"हे काय आहे रे?"

"खेकडा, साहेब," वनरक्षक म्हणाला.

"ते दिसतंय मला! आला कुठून?"

वनरक्षकाने फरशीच्या फटीकडे बोट दाखवलं. तिथून पाणी बुडबुडत वर येत होतं. खोलीत चांगलं घोटाभर साचलं होतं.

सहा महिन्यांपूर्वी साहेबांनी जंगलातल्या झऱ्याच्या संरक्षणासाठी त्याच्यावर सिमेंटचा ओटा बांधून घेतला होता, आणि ओट्यावर लक्ष ठेवायला शेजारीच हे कार्यालय. आता झऱ्यात पाला पडत नव्हता, जनावर तोंड घालत नव्हतं. फक्त खालचा ओढा आटला होता आणि काठची झाडं पिवळी पडत चालली होती. ओटा फोडा, असे तीन अर्ज वनरक्षकाने दिले होते. तिन्ही कपाटात नीट लावून ठेवलेले.

"अकरा वाजता मोठे साहेब ओटा बघायला येतायत. झालं माझं कल्याण! आधी हे पाणी काढ."

"ओटा फोडला की आपोआप जाईल, साहेब. तिथलाच झरा इथे आलाय."

"फोडून त्यांना काय दाखवू, डोंबल? हे भोक बुजव. दोन घमेली सिमेंट घाल."

"घालतो की. पण मग तो कुठे निघेल, त्याचा नेम नाही. पलीकडे तुमचं स्वयंपाकघर आहे. बाईसाहेब घरीच आहेत ना?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. खोलीतलं मात्र तसूभर हललं नाही.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"काहीतरी कर रे बाबा!"

वनरक्षकाने पहार उचलली, मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यावर दोन घाव घातले. उंबरा फुटला. पाणी पायऱ्या उतरून, उतारावरून सुसाट कोरड्या ओढ्यात शिरलं. त्याच्याबरोबर साहेबांनी काढून ठेवलेला एक बूटही निघाला.

"अरे, माझा बूट! धर, धर त्याला!"

वनरक्षक पहारीवर रेलून बघत राहिला. बूट दगडांना धडकला, गिरकी घेऊन सुटला आणि पिवळ्या झाडांच्या वळणाआड गेला.

"जाऊ द्या, साहेब," तो म्हणाला. "वाट बरोबर धरलीय त्याने."