हळदीच्या डब्यातली बटणं

शेगडीची बटणं हळदीच्या डब्यात असतात. श्रीरंग सदतीस वर्षांचा आहे आणि त्याला घड्याळ कळत नाही. भिंतीवरच्या यंत्राला त्याच्या आईचा, कुमुदिनीबाईंचा आवाज आहे.

आज त्या यंत्राची चाचणी होती. बाईंच्या माघारी श्रीरंगच्या सांभाळासाठी केलेल्या ट्रस्टचं विश्वस्तपद तेच सांभाळणार होतं. वर्षभर या घरात राहून ते बाईंसारखं वागायला शिकलं होतं.

"श्रीरंग, माग बरं काहीतरी त्याच्याकडे," वकील तनुजा म्हणाल्या.

श्रीरंग भिंतीकडे वळला. "आई, मी चहा करू?"

"नको रे राजा, भाजशील. बस तिथे गुपचूप," भिंत म्हणाली.

श्रीरंग बसला आणि हसला. "आता दोन आया. दोघी नकोच म्हणतात."

"अगदी हुबेहूब!" तनुजा म्हणाल्या. "करा सही, काकू."

बाईंचं पेन थांबलं. त्या गेल्यावरही श्रीरंग म्हातारा होईपर्यंत हा नकार या घरात राहणार होता.

"एवढं 'नको' पुसता नाही का येणार?"

"ते तुमचं बघून शिकतं, काकू. तुम्ही वेगळं वागलात तरच बदलेल."

बाईंनी डबा काढला आणि पिवळी झालेली बटणं श्रीरंगच्या ओंजळीत ठेवली. त्यांना त्याच्या तोंडाकडे बघवेना.

"कर चहा. मला साखर..."

"कमी. माहितीये."

दोन वर्षांपूर्वी बाई तापाने पडल्या होत्या, तेव्हा श्रीरंगने कुठेही न भाजता त्यांना चहा करून दिला होता. बाईंनी बटणं डब्यात लपवली ती दुसऱ्याच दिवशी.