दह्याचा डबा

स्मशानातल्या माणसाने अस्थी प्लास्टिकच्या पिशवीत भरायला घेतल्या, तशा कालिंदीताईंनी आपल्या कापडी पिशवीतून दह्याचा स्टीलचा डबा काढून पुढे केला. तीस वर्षं यजमान हाच डबा घेऊन डेअरीत जायचे. प्लास्टिकमधलं दही त्यांनी कधी घरात येऊ दिलं नाही.

नदीत अस्थी सोडल्यावर दीर हळूच म्हणाले, "वहिनी, डबाही सोडा. अस्थींचं भांडं कुणी घरी नेत नाही."

"नदीत कशाला? ते म्हणायचे, धुतला की झाला."

रडू येतच नव्हतं. काठावर बसून त्यांनी वाळूने डबा घासला, विसळला.

घराजवळच्या कोपऱ्यावर डेअरीवाल्याने डबा ओळखला आणि सवयीने हात पुढे केला.

"काकू, आज काका नाहीत? अर्धा किलोच ना?"

कालिंदीताईंनी डबा त्याच्या हातात दिला.

"पाव," त्या म्हणाल्या.