पहिला मासा

बर्फ वितळला, की जाळ्यात आलेला पहिला मासा वस्तीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाला नेऊन द्यायचा, अशी नदीकाठची रीत. वरच्या अंगाला वाळूतून तेल काढणाऱ्या खाणी आल्या, पाण्यावर तवंग आला, तरी ती कुणी मोडली नाही.

एकट्या राहणाऱ्या व्हिक्तोरीनच्या दारात मोइझ मासा घेऊन उभा राहिला.

"डोळे फुटले का रे? सेलेस्तीनमावशीचं घर पलीकडे!"

"मावशी पहाटे गेली, ताई. तोच कॅन्सर."

ती उंबऱ्यावर बसली. "मग बाप्तिस्तकाकांना..." बोलता बोलता थांबली. काकांना तर नाताळातच पुरलं होतं.

मोइझनं मान खाली घालून मासा तिच्यापुढे धरला. व्हिक्तोरीननं पाठीवरची वेणी पुढे ओढली आणि तिच्यात एखादा तरी पांढरा केस सापडतो का, ते शोधू लागली.