जवळचं रुग्णालय

तिसरं दारही तोंडावर आपटलं. या दारातल्या बाईने निदान तिचा नमस्कार तरी घेतला होता. मग नजर गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली, ओठ हलवत तिने ते वाचलं आणि आतून कडी घातली.

विमा कंपनीचं नाव दिसलं की माणसांच्या कपाळावर आठ्या चढतात, हे तिला नवीन नव्हतं. पण एरवी त्याच कार्डावरचं तिचं सासरचं आडनाव वाचून लोकांना हसू तरी फुटायचं. आडनावच असं जगावेगळं की टपालवालासुद्धा दोनदा खात्री करून घ्यायचा. या गल्लीत कोणी हसलं नाही.

कंपनीत ती दाव्यांची आकडेवारी तपासायची. कोणता आजार, कोणतं रुग्णालय, किती खर्च. कपड्यांच्या कारखान्यामागच्या या वस्तीने तिच्या साहेबांचं डोकं उठवलं होतं. चालत जाण्याच्या अंतरावर चांगलं रुग्णालय होतं. पुरुष मुकाट तिथे जायचे. त्याच घरांतल्या बायका मात्र दोन बस बदलून पार लांबच्या, महागड्या रुग्णालयात जायच्या. साहेबांनी फर्मान काढलं होतं की पटेल असं कारण आण, नाहीतर पुढच्या महिन्यापासून या वस्तीसाठी लांबचं रुग्णालय यादीतून बाद.

घरी तिने हे नवऱ्याला सांगितलं होतं. नवरा डॉक्टर, त्यामुळे दाव्यातला एखादा आजार समजला नाही की ती त्यालाच विचारायची.

"बायकांना बाजारात हिंडायला निमित्त लागतं," तो म्हणाला होता. "तू कशाला घरोघर फिरतेस? काढून टाका ते लांबचं नाव. सुतासारख्या सरळ येतील जवळच्याला."

तिला ते पटलं नव्हतं. म्हणून तर ती आली होती, आणि तीही बसचे धक्के खात. मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी नवऱ्याची असायची. तो मेडिकल कॉलेजात शिकवायला जायचा. इतर दिवशीसुद्धा किल्ली सुखासुखी मिळत नसे. फाटकावर घासून तिने गाडीच्या मागच्या दाराला पोचा पाडला होता, आणि त्या पोच्याचा उद्धार घरात रोज एकदा तरी व्हायचा.

गल्लीच्या कोपऱ्यावर एक म्हातारी उघड्या दारात शिलाई मशीन चालवत बसली होती. तिनेही कार्ड वाचलं. दार लावायला मात्र ती उठली नाही.

"मावशी, हे जवळचं रुग्णालय सोडून तुम्ही बायका..."

"कामाचं घरी बोलता का तुम्ही?" म्हातारीने मध्येच विचारलं.

"बोलते कधी कधी. का?"

"काही नाही." मशीन पुन्हा सुरू झालं.

तिने उंबऱ्यावरच बैठक मारली आणि मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून सगळं सांगितलं. कारण कळलं नाही तर लांबचं रुग्णालय बंद होणार, मग तिथला खर्च ज्याचा त्याने करायचा. म्हातारीने चाकावर हात ठेवला. मग तिने कंपनीचा, साहेबांचा, तिच्या पगाराचा आणि तिच्या शिक्षणाचा असा काही समाचार घेतला की शेजारच्या खिडक्या उघडल्या. कोणी म्हातारीला आवरायला आलं नाही.

"माझी सून पोट दुखतं म्हणून गेली होती," अखेर ती दम खाऊन म्हणाली. "डॉक्टरने मला बाहेर बसवलं, दार लावून घेतलं. ती घरी आली ती कपड्यांसकट नळाखाली जाऊन बसली. उठेना, बोलेना. अशा या गल्लीत किती दाखवू?"

"तक्रार नाही केली कुणी?"

"केली की. एवढा शिकलेला माणूस असं करेल का, म्हणून आम्हालाच हाकललं. तेव्हापासून तो यायचा असला की आम्ही तिथे फिरकत नाही. एरवी जातोच. पण पोटातली कळ काही वार बघून येत नाही." तिने दाताने दोरा तोडला. "झालं समाधान? आता जा आणि सांगा घरी."

'ऑफिसात' असं म्हणायचं असेल तिला, असं वाटून ती रागातच उंबऱ्यावरून उठली.

बसथांब्याच्या बाकावर तिने लॅपटॉप उघडला. तिने आजवर अंतर पाहिलं होतं, खर्च पाहिला होता, वय पाहिलं होतं. वार पाहायचं तिला सुचलंच नव्हतं. आता लांबच्या रुग्णालयात गेलेल्या बायकांचे दावे तिने वारांप्रमाणे लावले. आठवड्यातले दोनच वार वर आले, आणि त्यातला एक आजचाच होता.

कारण सापडलं होतं. साहेबांच्या टेबलावर ती ते आपटणार होती. लांबचं रुग्णालय आता कोणाच्या बापाला बंद करता येणार नव्हतं. फक्त त्या नीच माणसाचं नाव हवं होतं. दाव्यांत रुग्णालयाचं नाव असायचं, डॉक्टरचं नाही. ती तडक जवळच्या रुग्णालयाकडे निघाली.

रुग्णालय स्वच्छ होतं, हवेशीर होतं. पुरुषांची बाकं भरलेली होती आणि बायकांची रिकामी. एक वयस्क आया फरशी पुसत होती.

"आज तपासायला कोणते डॉक्टर आहेत?" तिने विचारलं. "मला त्यांचं नाव हवंय."

आयाने मान वर केली, कार्ड वाचलं आणि मग कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मला कशाला विचारता, बाई?" असं म्हणून तिने खिडकीकडे बोट केलं.

बाहेर आवारात, झाडाखाली, डॉक्टरांसाठी राखलेल्या जागेत एकच गाडी उभी होती. तिच्या मागच्या दाराला पोचा होता.